खंजीर दाखवायचा की नाही

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शेक्सपिअर शिकवायचा म्हणजे आधी गाईडशी भांडावं लागतं. 'मॅकबेथमधील प्रतिमासृष्टी' हा प्रश्न ठरलेला, त्याचं उत्तरही ठरलेलं. रक्त म्हणजे अपराध, अंधार म्हणजे पाप, झोप म्हणजे मनःशांती, घुबड-कावळे म्हणजे अपशकुन. चार मथळे, प्रत्येकाखाली दोन-दोन अवतरणं, की झाला मार्कांचा बंदोबस्त. त्यात चुकीचं असं काही नसतं. फक्त उत्तर लिहिणाऱ्याला रक्त दिसलेलं नसतं आणि घुबड ऐकू आलेलं नसतं.

मी सिंधुदुर्गातल्या किनारपट्टीवरच्या एका कॉलेजात शिकवते. मुलं देवबाग, तळाशील, आचरा इथून येतात, काही कुडाळकडून एसटीनं. घरात मालवणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी पेपरापुरती. त्यांच्यापुढे चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कविता ठेवायची म्हटलं की स्टाफरूममध्ये कुणीतरी हितचिंतक सुचवतोच, "एवढं डोकं कशाला फोडताय? सरळ पिक्चर दाखवा." सल्ला मनापासूनचा असतो. मी पिक्चर दाखवतेही, पुष्कळ दाखवते. पण सल्ला देणाऱ्याच्या मनात असतं की वाचून जे कळत नाही ते बघून कळेल. माझा अनुभव उलटा आहे. सिनेमा प्रतिमा समजावून देत नाही. तो ती बदलतो, गाळतो, कधी तिचा जीवच घेतो. शिकवण्याजोगं जे असतं ते या फेरफारात असतं.

खंजिराचंच घ्या. दुसऱ्या अंकात मॅकबेथ रात्री एकटा उभा आहे. पलीकडच्या खोलीत राजा डंकन झोपलाय आणि याला त्याचा खून करायचाय. तेवढ्यात त्याला हवेत खंजीर दिसतो, मूठ याच्या हाताकडे वळलेली. तो पकडायला जातो, हाती काही लागत नाही, तरी दिसतच राहतो. मग पात्यावर रक्ताचे थेंब येतात, जे क्षणापूर्वी नव्हते. रंगमंचावर यातलं काहीही नसतं. नट असतो, त्याची नजर असते आणि त्याचे शब्द. प्रेक्षकाला खंजीर दिसतो की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, खुद्द प्रेक्षकालाही.

रोमन पोलान्स्कीनं १९७१ साली मॅकबेथ केला तेव्हा खंजीर दाखवला. हवेत तरंगणारा, चमकणारा, चांगला धारदार. आमच्या मागच्या बाकांवर इथे हमखास खसखस पिकते. त्यांना त्यात जुन्या काळचं ट्रिक फोटोग्राफीचं काम दिसतं, मॅकबेथ दिसत नाही. मला हा सिनेमा आवडतो, त्याची सुरुवात तर फारच. ओहोटीनं उघडी पडलेली वाळू, आणि तीन बायका त्या वाळूत फास आणि खंजीर धरलेला तुटका हात पुरतात. रापणीला रोज जाणाऱ्या मुलांना ही वाळू ओळखीची वाटते आणि म्हणूनच ती अंगावर येते. पण तरंगणाऱ्या खंजिराच्या जागी कॅमेरा निकाल देऊन मोकळा होतो: खंजीर आहे. मॅकबेथला शंका होती, आपल्याला ती उरत नाही. यावर एका मुलीनं वर्गात हरकत घेतली होती. तिचं म्हणणं, खंजीर आपल्यालाही दिसला म्हणजे आपणही त्याच्याइतकेच भ्रमिष्ट झालो, मग बिघडलं कुठे? हरकत चांगली आहे. मी अजून तिला पुरतं उत्तर दिलेलं नाही.

जोएल कोएनच्या २०२१ च्या कृष्णधवल सिनेमात डेन्झेल वॉशिंग्टन लांबलचक ओवरीतून चालत येतो. टोकाला काहीतरी चमकतंय. तो बोलतोय तोच संवाद, खंजिराचा. जवळ गेल्यावर कळतं की चमकत होती ती डंकनच्या खोलीच्या दाराची मूठ. मूळ ओळीत खंजिराची मूठ हाताकडे वळलेली आहे एवढंच म्हटलंय. दिग्दर्शकानं तेवढी एक मूठ उचलली आणि दाराला लावली. खंजीर पकडणं आणि दार उघडणं ही एकच हालचाल होऊन बसली. मुलांना हे दाखवून मी पुस्तकातली ओळ पुन्हा वाचायला लावते, तेव्हा ती ओळ पहिल्यांदा वाचल्यासारखी वाचतात.

आणि अकिरा कुरोसावाच्या १९५७ च्या 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये खंजीर नाही, स्वगतही नाही. मॅकबेथचा इथे वाशिझू झालाय, लेडी मॅकबेथची असाजी. असाजी पहारेकऱ्यांसाठी दारू आणायला अंधाऱ्या दारातून आत जाते, दिसेनाशी होते आणि त्याच अंधारातून सुरई घेऊन परत येते. ऐकू येते ती फक्त तिच्या रेशमी किमोनोची सळसळ. नंतर भाला तीच नवऱ्याच्या हातात देते. शेक्सपिअरनं खंजिरावर खर्च केलेली सगळी कविता कुरोसावानं एका वस्त्राच्या आवाजात घातली. जपानी नोह रंगभूमीत वाढलेलं डोकं हे करू जाणे.

हे तीन तुकडे लागोपाठ दाखवले तर मिळून एक तासही लागत नाही. अख्खा सिनेमा लावून वर्ग अंधारात ठेवण्यापेक्षा यात जास्त शिकवून होतं. मुलांना एकच विचारायचं: ओळीतलं काय उरलं आणि काय गेलं?

आता खरं तर आमच्या मुलांना न दिसणारी गोष्ट पाहण्याची सवय शिकवावी लागतच नाही. ती त्यांना जत्रेत लागलेली असते. ज्यांनी दशावतार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, रात्रभर चालणाऱ्या या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, पात्रं ठरतात आणि संवाद नट जागच्या जागी रचतो. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. त्यावर राजा बसला की दरबार, ऋषी बसला की आश्रम, दोघं भांडत त्यावर चढले की पर्वत. "या घनदाट अरण्यात..." असं म्हणत नट एक फेरी मारतो आणि देवळापुढच्या मांडवात अरण्य होतं. कुणी विचारत नाही की झाडं कुठायत.

लंडनच्या ग्लोब थिएटरातही वेगळं काही चालत नव्हतं. उघड्या छपराचं नाटकघर, प्रयोग दुपारच्या उजेडात. रात्र झाली हे नटानं बोलून सांगायचं. 'उजेड दाट होतोय, कावळा रानाकडे पंख मारतोय' असं मॅकबेथ म्हणतो तेव्हा वर लख्ख ऊन असायचं. त्या ओळीनं दिवे मालवायचे होते. ती नुसती सजावट असती तर दुपारी तीन वाजता कुणाला रात्र वाटली असती? प्रतिमा म्हणजे काय हे आमच्या मुलांना सांगायला मला गाईडातली व्याख्या लागत नाही. बाकडं म्हटलं की पुरतं.

सिनेमाला मात्र बाकडं चालत नाही. त्याला झाडं आणावीच लागतात, आणि झाडं आणली की शब्द बेकार होतात. म्हणून चांगला दिग्दर्शक शेक्सपिअर करायला घेतो तेव्हा आधी कात्री घेतो. मुलं विचारतात की एवढ्या ओळी का कापल्या, अपमान नाही का? मला तसं वाटत नाही. रात्र पडद्यावर दिसतेय आणि नट वर सांगतोय की रात्र झाली, यात मला जास्त अपमान दिसतो.

कपड्यांच्या प्रतिमांपाशी सिनेमा हमखास हरतो, असं माझं मत आहे. मॅकबेथला नवी सरदारकी मिळते तेव्हा तो विचारतो, मला उसने कपडे का चढवताय? त्याचा सोबती बँको म्हणतो, नवा मान नव्या कपड्यासारखा, वापरून वापरून अंगाला बसतो. शेवटी एक सरदार म्हणतो की आता त्याची पदवी त्याच्या अंगावर लोंबतेय, राक्षसाचा झगा बुटक्या चोरानं घातल्यासारखी. कॅरोलाइन स्पर्जन या विदुषीनं १९३५ साली शेक्सपिअरच्या प्रतिमांवर पुस्तक लिहिलं आणि मॅकबेथमधला हा ढगळ कपड्यांचा धागा पुढे आणला. पण पडद्यावर बघा. राजा झालेल्या नटाचा झगा शिंप्यानं मापानं बेतलेला असतो, तो ढगळ कसा दिसणार? मुद्दाम ढगळ केला तर हसू येईल.

दशावतारात मात्र ही प्रतिमा डोळ्यांपुढे चालतीबोलती असते. कपडे पेटाऱ्यातून निघतात, नट तोंड आपलं आपण रंगवतो, आणि रात्री मुकुट घालून पृथ्वीचं राज्य वाटणारा माणूस सकाळी तोंड पुसून टेम्पोत बसतो. मी वर्गात एवढंच विचारलं होतं की राजानं मुकुट उतरवला नाही आणि तसाच बाजारात मासळी घ्यायला गेला तर? वर्ग हसला. मग कुणीतरी म्हणालं, "आणि लोकांनी त्याला खरोखरच राजा मानला तर?" मॅकबेथचा तिसरा अंक तिथे सुरू होतो.

अर्थात काही जागी सिनेमाही नको आणि दशावतारही नको, नुसता किनारा पुरतो. डंकन मॅकबेथच्या किल्ल्यापाशी पोचतो तेव्हा म्हणतो, हवा किती गोड आहे इथली. बँको भिंतीवरची पाकोळ्यांची घरटी दाखवतो आणि सांगतो की हा पक्षी जिथे घर करतो तिथली हवा निर्मळ असते. गाईडात या जागेवर 'विरोधाभास' एवढा एक शब्द असतो. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात वेंगुर्ला रॉक्स आहेत, तिथल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ती पाकोळी युरोपातल्या पाकोळीहून वेगळी, हे कबूल. पण तिची घरटी लाळेची, खाण्याजोगी, आणि एके काळी चोरून विकली जात. हे सांगितल्यावर डंकनच्या ओळी वाचून बघा. पाखरू भरवशानं परत परत त्याच जागी घर करतं, म्हणून तर चोराला जागा पक्की ठाऊक असते. डंकनचंही तेच झालं. पडद्यावर घरटं दाखवलं असतं तर ते नुसतं घरटं राहिलं असतं.

मग मी सिनेमाकडे परत परत का जाते? 'मकबूल'मुळे.

विशाल भारद्वाजचा हा सिनेमा आपल्याकडे २००४ च्या जानेवारीत लागला. स्कॉटलंडचं राज्य मुंबईच्या अंडरवर्ल्डमध्ये आलं, डंकनचा अब्बाजी झाला, मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींचे दोन पोलीस झाले: ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह, पंडित आणि पुरोहित. सुरुवातीलाच पाऊस, गाडीची धुरकट काच आणि त्या काचेवर बोटानं काढलेली मुंबईची कुंडली. थोड्याच वेळात काचेवर रक्त उडतं. नाटकाच्या पहिल्या प्रवेशातलं धुकं, भविष्य आणि दुसऱ्या प्रवेशातला रक्तबंबाळ शिपाई, असं सगळं एका काचेवर. मी हा तुकडा आवाज बंद करून दाखवते आणि नंतर विचारते की नाटकातल्या किती गोष्टी काचेवर सापडल्या. संवाद ऐकू आले की मुलं गोष्ट ऐकत बसतात, काच बघत नाहीत.

पण खरी मजा बर्नामच्या रानाशी आहे. नाटकात मॅकबेथला अभय मिळतं की बर्नामचं रान चालत त्याच्या टेकडीवर येईपर्यंत त्याला कुणी हरवू शकणार नाही. रान काही चालत नाही, म्हणून तो निर्धास्त. पुढे शत्रूचे शिपाई फांद्या तोडून अंगापुढे धरतात आणि रान चालू लागतं. कुरोसावानं हे रान धुक्यातून खरंच हलताना दाखवलं, आणि त्याआधी रानातली पाखरं किल्ल्यात शिरताना. झाडं तोडली जातायत म्हणून बेघर झालेली पाखरं घरात आली, पण वाशिझूला ते कळत नाही. मूळ नाटकात कावळे रानाकडे जातात, इथे रानातून येतात. मला ही भर शेक्सपिअरला शोभणारी वाटते. मुलांना मात्र चालणारं रान फारसं पटत नाही. "मॅडम, झाडां चालतत ता खोटा वाटता," असा शेरा येतोच.

'मकबूल'मध्ये रान नाहीच. मुंबईत कुठलं आणणार? तिथे भविष्य असं आहे की समुद्र घरात येईल तेव्हा मकबूल संपेल. इरफानचा चेहरा हे ऐकून सैल होतो. समुद्र कसा येईल घरात? हा प्रसंग झाला आणि देवबागची एक मुलगी फटकन म्हणाली, "आमच्यात तर दर पावसात येता. मगे आमी काय सगळे मकबूल?"

ज्यांना देवबाग माहीत नाही त्यांना ही ओळ नुसती विनोदी वाटेल. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माड आणि घरं. पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी वाडीत शिरतं, किनारा खातं, माड पाडतं. संरक्षक बंधाऱ्याची मागणी तिथे वर्षानुवर्षं गाजत आलीय. त्या मुलीच्या घरच्यांना समुद्र घरात येणं अशक्य वाटत नाही, पोटात गोळा आणणारं वाटतं. आणि मकबूल ज्याला अशक्य समजून हसतो ते शक्य आहे हे तिला वर्गातल्या सगळ्यांच्या आधी कळलं. भविष्यवाणीची गंमत बघणाऱ्याच्या आणि पात्राच्या कळण्यातल्या फरकावर चालते; तिच्यापाशी तो फरक जन्मापासून होता.

त्याच तासाला मी तिला दुसऱ्या अंकातली ती प्रसिद्ध जागा वाचायला दिली. खून करून आलेला मॅकबेथ हात बघतो आणि विचारतो, समुद्रदेवाचा सगळा महासागर तरी हे रक्त धुऊन काढेल का? नाही, हा हातच समुद्रासमुद्रांना रंगवील, हिरव्याचं लाल करील. गाईडात हे 'रक्त' या मथळ्याखाली येतं. तिनं ते 'समुद्र' म्हणून वाचलं. मग सिनेमात पुढे कस्टमची माणसं मकबूलच्या दाराशी येतात, समुद्रावरून चाललेल्या त्याच्या धंद्यापायी. समुद्र घरात आला. मॅकबेथनं समुद्राला रक्त लावायची भाषा केली होती, तो समुद्र इथे दारात उभा राहिला. भारद्वाजनं हे दोन धागे जाणून जोडले का, मला ठाऊक नाही आणि त्यानं काही अडत नाही. ते जुळतात एवढं खरं.

दुसरा धागा याहून खोल आहे. खुनाआधीच्या स्वगतात मॅकबेथ म्हणतो की डंकनला मारलं तर करुणा नागड्या नवजात बाळासारखी वादळावर स्वार होऊन येईल आणि ही गोष्ट प्रत्येकाच्या डोळ्यात फुंकील. कितीही वेळा शिकवली तरी ही ओळ हातातून निसटते. बाळ वादळावर बसेल कसं? जे धड रांगू शकत नाही ते स्वार कसलं होणार? क्लिअन्थ ब्रुक्स या अमेरिकन समीक्षकानं १९४७ साली याच बाळावर आणि कपड्यांच्या प्रतिमांवर एक निबंध लिहिला. बाळाचं दुबळेपण हीच त्याची ताकद, असं त्याला दिसलं. मी ते फळ्यावर लिहीत असे, मुलं उतरवून घेत.

'मकबूल'च्या शेवटी निम्मी, म्हणजे इथली लेडी मॅकबेथ, मेलेली आहे. त्याआधी भिंतीवर रक्त दिसून दिसून ती खंगलीय. तब्बूनं ते ज्या तऱ्हेनं केलंय त्यावर वेगळा लेख होईल. तिचं बाळ हॉस्पिटलात आहे. मकबूल पिस्तूल घेऊन तिथे जातो आणि काचेआडून बघतो, तर ज्यांचा त्यानं घात केला त्याच घरातली समीरा आणि तिचा गुड्डू त्या बाळाला उचलून घेतायत. मकबूलच्या हातातलं पिस्तूल गळतं. तो निघून बाहेर येतो आणि मारला जातो. मूळ नाटकात मॅकबेथ शेवटी तलवारीनं लढत मरतो, इथे लढत नाही. त्याला हरवलं ते एका नवजात बाळानं. नाटकाच्या पहिल्या अंकात एका उपमेपुरतं आलेलं, रंगमंचावर कधी न दिसलेलं बाळ सिनेमानं शेवटी आणून दाखवलं, आणि दाखवूनही मारलं नाही. खंजिराला जे जमलं नाही ते बाळाला जमलं. याचं कारण मला असं वाटतं की दिग्दर्शकानं ओळीचं चित्र काढलं नाही, ओळीची गोष्ट केली.

भारद्वाजच्याच 'ओंकारा'तही (२००६) हेच कसब आहे. ऑथेल्लोतला रुमाल उत्तर प्रदेशातल्या गावात कमरपट्टा झाला, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आलेला. रुमाल हरवला म्हणून बायकोवर संशय घेणारा नवरा आपल्या मुलांना येडा वाटतो. सासरचा दागिना दुसऱ्या बाईच्या कमरेला दिसला, तर तो संशय आमच्या वाडीतसुद्धा कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. मराठीत ही उलाढाल सिनेमाच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला, शिरवाडकरांनी १९५४ साली मॅकबेथचा 'राजमुकुट'. रूपांतर म्हणजे कमअस्सल माल, असं मानणाऱ्यांनी आपलीच रंगभूमी नीट पाहिलेली नाही.

आमच्या परीक्षेला यातलं फारसं चालत नाही, हेही सांगून टाकते. पेपरात 'मकबूल' लिहिलं की तपासणारे बिचकतात. एका उत्तरपत्रिकेत मीच वाचलं होतं की मॅकबेथच्या किल्ल्यात समुद्र शिरला. मी मार्क कापले, पण कमी कापले. पूर्ण चूक म्हणायला जीव होईना.

सिनेमाचा हात कुठे थिटा पडतो हे बघायचं तर 'किंग लिअर' घ्यावा. वादळ तर सगळ्यांना आठवतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्यावरून गेलं, माड-आंबे आडवे झाले, कित्येक गावं दिवसेंदिवस विजेविना होती. त्या रात्री कौलं उडताना ऐकलेल्या मुलांना सिनेमातलं वादळ पंख्यापुढं उडवलेल्या पाण्याइतकंच वाटतं. पण 'मनातल्या वादळापुढे मला बाहेरचं जाणवत नाही' असं म्हणणारा म्हातारा त्यांना लगेच कळतो, कारण तशी माणसं त्यांनी त्या दिवसांत पाहिलीत. वादळाचं मी फार करत नाही. माझा जीव अडकलाय तो चौथ्या अंकातल्या डोव्हरच्या कड्यात.

डोळे काढलेला म्हातारा सरदार ग्लॉस्टर मरायला निघालाय. त्याला कड्यावरून उडी घ्यायची आहे. वाट दाखवणारा वेडा भिकारी म्हणजे त्याचाच मुलगा एडगर, बापाला न कळता. एडगर त्याला सपाट जमिनीवर उभं करतो आणि सांगतो की आलं टोक. खाली बघवत नाही इतकं खोल. मधल्या हवेत उडणारे कावळे भुंग्याएवढे दिसतायत. अर्ध्या कड्यावर एक जण लोंबकळत रानभाजी काढतोय, काय जीवघेणा धंदा. पुळणीवरचे कोळी उंदरांएवढे. नांगरलेलं मोठं गलबत त्याच्याच होडीएवढं झालंय, आणि होडी दिसते न दिसते. लाटांचा आवाज इथवर पोचत नाही. ग्लॉस्टर उडी मारतो आणि जिथल्या तिथे पालथा पडतो.

राजा लिअर मराठीत आणणारे विंदा करंदीकर जन्मानं देवगड तालुक्यातले. त्यांच्या नावाचं निमित्त करून मी एकदा मुलांना देवगडच्या दीपगृहाजवळच्या कड्यावर नेलं आणि तिथे हे भाषण वाचून घेतलं. खाली खडकांवर लाटा फुटत होत्या, लांब ट्रॉलर होते. एडगरची एकेक वस्तू समोर हजर. आणि भाषण साफ पडलं. मुलं पुस्तकातून मान काढून समुद्र बघायला लागली, ते बरोबरच होतं. कडा समोर असताना कड्याची कविता कोण ऐकेल? अख्खा कोकण किनारा त्या दुपारी एक महागडा सिनेमा झाला होता.

तेच भाषण पुढच्या आठवड्यात वर्गाच्या लादीवर केलं. ग्लॉस्टर झालेल्या मुलाचे डोळे रुमालानं बांधले. एडगरला सांगितलं, ओळी मालवणीत तुझ्या तू सांग, दशावतारी राजासारख्या. त्यानं खाली कालवं काढणाऱ्या बायका आणल्या, होड्या आणल्या, निवतीचं दीपगृह आणलं. ग्लॉस्टरचा पाय खरंच मागे सरला. मग तो पडला, आणि कुणीतरी ओरडलं, "खंय पडलो? हंयच तर आसा!" शेक्सपिअरचे पहिले प्रेक्षकही इथे चक्रावले असणार, कारण रिकाम्या रंगमंचावर एरवी नट म्हणेल तो कडा असतो. इथेच पहिल्यांदा नट म्हणाला आणि कडा नव्हता.

यानंतर मी मुलांना उलटं काम दिलं: हा प्रवेश मोबाईलवर शूट करा. अडचण त्यांच्या लगेच ध्यानात आली. कॅमेऱ्यात जमीन दिसली की एडगरचं बिंग फुटलं, आणि जमीन दाखवली नाही तर पाहणाऱ्याची फसवणूक. एका गटानं फक्त ग्लॉस्टरची पावलं घेतली, वाळूत रुतलेली. दुसऱ्यांनी चेहरा इतका जवळून घेतला की मागचं काही दिसेना. तिसऱ्या गटातल्या मुलानं मात्र शूटच केलं नाही. त्याचं म्हणणं, ग्लॉस्टर आंधळा आहे, तेव्हा पडदा काळा ठेवायचा, नुसता एडगरचा आवाज ऐकवायचा आणि पडल्यावर चित्र आणायचं. आळशीपणा म्हणून बाकीच्यांनी त्याला धुतला. देवबागची ती मुलगी सगळ्यात पुढे होती: "मगे तो पिक्चर कसलो? रेडियोच मा तो!" त्याचं उत्तर तयार होतं, पडदा काळा असला तरी माणसं त्याच्याकडे बघत बसतील, रेडियोकडे कुणी बघतं का? ती म्हणाली, दोन मिनिटं काळा पडदा दिसला तर लोक मोबाईल काढतील. हा वाद कुडाळची एसटी लागेपर्यंत चालला आणि एसटीत चढतानाही चालूच होता. मी काळ्या पडद्याच्या बाजूची आहे. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की उद्यापासून तेच गाईडात जाईल.